साडीचं झालं, आता रनडाऊनचंही विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत एका मराठी वृत्तवाहिनीच्या निवेदिकेची पानभर मुलाखत आली आहे. मुलगी हुशार आहे, बोललीही नेटकं. माझी तक्रार तिच्याबद्दल नाही, तुमच्या प्रश्नांबद्दल आहे. साड्या कोण निवडतं? केस कुठे सेट करता? लग्न ठरवून की प्रेमाचं? सासरची माणसं सांभाळून घेतात का? मुलगा कुणाजवळ असतो? वजन वाढू नये म्हणून रात्री काय जेवता? आणि अगदी शेवटी, जागा उरली म्हणून विचारल्यासारखा एक प्रश्न: ‘बातम्या देताना कधी फजिती झाली का?’ संपलं पान. ही बाई दिवसाचे आठ-नऊ तास नेमकं काय काम करते, रनडाऊन (बुलेटिनमधल्या बातम्यांच्या क्रमाची यादी) कसा हाताळते, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

हे लिहायचा मला थोडाफार अधिकार आहे, कारण त्या खुर्चीत मीही बसले आहे. मुंबईच्या मोठ्या वाहिनीवर नव्हे, सांगलीत केबलवर. तरुण वाचकांना हा प्रकार ठाऊक नसेल. नव्वदच्या दशकात आपल्याकडे गावोगावच्या केबलवाल्यांनी स्वतःच्या बातम्या सुरू केल्या होत्या. मुंबईचं-दिल्लीचं दूरदर्शन सांगायचं. आमच्या वॉर्डात तीन दिवस पाणी का नाही, नगरपालिकेच्या सभेत कुणी कुणाचा माइक ओढला, मार्केट यार्डात बेदाण्याचा सौदा कितीला फुटला, हे कोण सांगणार? ते आम्ही सांगायचो. रोज अर्धा तास. लोक जेवायचं ताट घेऊन समोर बसायचे.

आमचा ‘स्टुडिओ’ म्हणजे केबलच्या ऑफिसमागची एक खोली. मागे निळा सॅटिनचा पडदा, पुढे टेबल, त्यावर प्लॅस्टिकची फुलं. दोन हॅलोजन डोळ्यांवर. पंख्याचा आवाज माइकमध्ये येतो म्हणून पंखा बंद. एप्रिल-मेमध्ये त्या खोलीत बसून ‘जिल्ह्यात उष्णतेची लाट’ ही बातमी वाचायला वेगळा अभिनय लागत नसे. दुपारी चारला स्क्रिप्ट हातात यायचं, पाचला रेकॉर्डिंग, सहाच्या आत ती कॅसेट एक मुलगा स्कूटरवरून कंट्रोल रूमला न्यायचा. साडेसातला लागायची, पुन्हा रात्री दहाला. एडिटिंगला वेळ नसायचा, त्यामुळे चुकलं की मागे जाऊन पुन्हा वाचायचं.

प्रॉम्प्टर हा शब्दसुद्धा आम्ही ऐकला नव्हता. कॅमेऱ्याच्या भिंगापुढे तिरकी काच, तिच्यावर खालच्या पडद्यावरची उलटी अक्षरं सुलट होऊन दिसतात आणि निवेदक थेट प्रेक्षकाच्या डोळ्यांत बघत वाचतो, ही किमया मी फार उशिरा पाहिली. आम्ही कागदावरून वाचायचो. प्रत्येक बातमीचं पहिलं वाक्य पाठ, कारण तेव्हा मान वर हवी. मग खाली बघून दोन ओळी डोळ्यांत साठवायच्या, वर बघून बोलायच्या, पुन्हा खाली. कागद एका बाजूनेच लिहिलेला, वाक्य एका पानावरून दुसऱ्या पानावर जाता कामा नये आणि पान उलटायचं नाही, सरकवायचं, म्हणजे खरखर होत नाही. आकडे सगळे अक्षरांत. हळदीचे दर वाचताना हे फार उपयोगी पडायचं: राजापुरी इतके, परपेठ हळद इतके, क्विंटलला किमान, कमाल, सरासरी. त्यात एक शून्य इकडचं तिकडे झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी यार्डातून फोन. शेतकरी साडी बघत नाही हो, तो आकडा ऐकतो.

नावांचं तर विचारूच नका. आमचा भाग कर्नाटकाच्या अंगाला. मगदूम, बिराजदार, पुजारी, हिप्परगी ही आडनावं आणि कागवाड, उगार, म्हैसाळ ही गावं. निधनवार्तेत आडनाव चुकलं तर त्या घरावर आपण दुसऱ्यांदा घाला घातल्यासारखं होतं. म्हणून मी रेकॉर्डिंगच्या आधी ऑफिसातून फोन लावून विचारायची, ‘नाव कसं म्हणायचं तुमच्याकडे?’ रडणाऱ्या माणसाला असा प्रश्न विचारण्याची पद्धत असते, तीही शिकावी लागते. तुमच्या प्रश्नांच्या यादीत हे कुठे बसलं असतं बघा.

आता साडीचं. साडीला कमी लेखत नाही मी. साड्यांचं आमचं अर्थकारणच होतं. गावातल्या एका दुकानाची जाहिरात आम्हाला असायची, त्या बदल्यात तिथून साडी यायची आणि शेवटी पट्टी फिरायची, ‘साडी सौजन्य’ अमुक. ती माझी नव्हेच. दुसऱ्या दिवशी परत द्यायची असे, त्यामुळे लेबल काढायचं नाही, आत खोचायचं. पदराला पिन लावायची नाही, भोक पडतं. मग पदर जागेवर राहावा म्हणून मी डावा कोपर अंगाला चिकटवून बसायची. बायका मला बाजारात गाठून म्हणायच्या, ‘किती सरळ बसता हो तुम्ही!’ सरळ कसली, साडी सुटली तर भरून द्यावी लागेल या धास्तीने मी ताठ झालेली असायची.

कपड्यांना तांत्रिक कारणंही असतात, तीही कुणी विचारत नाही. बारीक चौकडी किंवा अगदी जवळजवळ रेघा कॅमेऱ्यासमोर थरथरल्यासारख्या दिसतात. शुभ्र पांढरं जुन्या कॅमेऱ्यांना सोसत नसे, चेहरा काळवंडून जायचा. हल्ली मागे हिरवा पडदा लावून त्याजागी नकाशे, चित्रं टाकतात. त्या पडद्यापुढे हिरवी साडी नेसून बसलात तर साडीच्या जागी धरणाचा सांडवा वाहताना दिसेल. ‘साड्या कोण निवडतं’ या तुमच्या प्रश्नाला खरं उत्तर बऱ्याचदा ‘कॅमेरा’ असंच असतं.

आपल्या लेखात स्मिता पाटील यांचा उल्लेख एका ओळीत आहे, ‘बातम्या वाचता वाचता सिनेमात गेल्या’. त्या ओळीत केवढं मागे राहून गेलं! मुंबई दूरदर्शन सुरू झालं 2 ऑक्टोबर 1972 ला, दिल्लीनंतरचं देशातलं दुसरं केंद्र. त्यानंतर लवकरच स्मिता तिथे मराठी बातम्या देऊ लागली, तेव्हा तिची विशीही पुरी झाली नव्हती. जन्म 1955 चा. जीन्सवरच साडी गुंडाळून कॅमेऱ्यापुढे बसायची, हा किस्सा सर्वांना पाठ आहे. टेबलाच्या वर जेवढी दिसते तेवढीच साडी, खाली जीन्स. पण चित्र तेव्हा कृष्णधवल होतं, रंगीत आलं 1982 ला. म्हणजे साडी लाल की जांभळी, हे बघणाऱ्याला कळायची सोयच नव्हती! उरलं काय? चेहरा, डोळे, आवाज आणि वाचायची ढब. श्याम बेनेगल यांनी तिला हेरलं ते त्या पडद्यावरच, आणि 1975 पासून ती सिनेमात दिसू लागली. कॅमेऱ्यात बघून, न हलता, न ओरडता समोरच्याला बांधून ठेवायचं, ही तालीम तिला बातम्यांच्या खुर्चीने दिली असं माझं मत आहे. त्यावर कुणी लिहीत नाही. तिच्यावरचा कुठलाही लेख काढा. अर्धा तिच्या संसाराबद्दल असतो, आणि ती बिचारी 13 डिसेंबर 1986 ला, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, बाळ जेमतेम पंधरा दिवसांचं असताना गेली. उत्तर द्यायला नाही, त्यामुळे लिहिणाऱ्यांना मोकळं रान.

याच्याशेजारी दूरदर्शनचे वृत्तनिवेदक प्रदीप भिडे ठेवा. 2022 च्या जूनमध्ये ते गेले तेव्हा मी हाताशी येतील तेवढी वर्तमानपत्रं वाचली, तुमचंही वाचलं. भारदस्त आवाज, स्वच्छ उच्चार, शब्दाला दिलेलं वजन, बातमीशी राखलेलं अंतर, सगळं आलं होतं आणि योग्यच आलं होतं. लहानपणी पुण्याला आत्याकडे गेलं की आम्ही तो आवाज ऐकत बसायचो आणि माझा आतेभाऊ तोंडासमोर पातेलं धरून नक्कल करायचा. पण भिड्यांचा शर्ट कुठल्या रंगाचा होता, ते रात्री भात खायचे का, बायको सांभाळून घ्यायची का, हे एकाही मजकुरात नव्हतं. अनंत भावे दाढी ठेवून बातम्या द्यायचे. त्यांच्या दाढीइतकंच त्यांच्या बालकवितांबद्दलही लिहिलं जातं. आणि सलमा सुलतान? तीस वर्षं दिल्लीहून बातम्या दिल्या त्या बाईंनी. आज विचाराल त्याला फक्त कानाजवळचा गुलाब आठवतो. गुलाब सुंदरच होता. पण तीस वर्षांत एक गुलाबच?

हे काही फक्त आपल्याकडे आहे असं नाही. ऑस्ट्रेलियात चॅनल नाइनच्या सकाळच्या कार्यक्रमात कार्ल स्टेफानोव्हिक आणि लिसा विल्किन्सन जोडीने बसायचे. लिसाबाईंना कपड्यांवरून प्रेक्षकांची येतील तेवढी पत्रं. 2014 मध्ये कार्लने सांगून टाकलं की आपण वर्षभर जवळजवळ रोज तोच एक निळा सूट घालून बसलो होतो. एकाही प्रेक्षकाच्या लक्षात आलं नव्हतं! आमच्याकडे मी एकच साडी आठवड्यात दोनदा नेसले (दुकान दोन दिवस बंद होतं) तर ऑफिसात निनावी पोस्टकार्ड आलं, ‘बाईंना परवडत नसेल तर आम्ही वर्गणी काढू.’ मालकांनी ते सगळ्यांना वाचून दाखवलं. मीही हसले. न हसून सांगते कुणाला?

खासगी आयुष्याबद्दल लिहूच नका, असं मात्र मी म्हणणार नाही. लिहा की. पण खरं लिहा. या नोकरीत घर आणि काम एकमेकांवर आदळतात कुठे, ते विचारा.

माझंच सांगते. मला बुलेटिनमागे पैसे मिळायचे. वाचलं तर मिळणार, नाही तर नाही. दिवस गेले तेव्हा पाचव्या महिन्यात कॅमेरामन म्हणाला, ‘ताई, फ्रेम जरा वर घेऊ.’ त्याचा हेतू चांगला होता. सातव्या महिन्यापर्यंत फ्रेम इतकी वर गेली की पडद्यावर नुसतं माझं मुंडकं दिसायचं. मग मालक म्हणाले, ‘आता विश्रांती घ्या.’ विश्रांतीचे पैसे अर्थात नव्हते. लेक चार महिन्यांची झाल्यावर गेले तर खुर्चीत दुसरी मुलगी. तिचा काही दोष नव्हता. चांगली वाचायची, चहा तीच घेऊन आली माझ्यासाठी. मला म्हणाले, तुम्ही स्क्रिप्ट लिहा. पैसे निम्मे. दीड-दोन वर्षं मी तिच्यासाठी बातम्या लिहिल्या. तसं बघितलं तर बातमी कानाला कशी लागते हे मी तेव्हाच शिकले. दुसऱ्याच्या तोंडी आपलं वाक्य अडखळताना ऐकलं की लांबलचक वाक्यं लिहायची खोड आपोआप जाते. पुढे ती हैदराबादला गेली आणि खुर्ची मला परत मिळाली.

हैदराबाद ऐकून नवल वाटेल. 2000 साली ई टीव्ही मराठी सुरू झालं, त्याच्या बातम्या रामोजी फिल्म सिटीतून जायच्या. कोल्हापूर, लातूर, अकोल्याची पोरं-पोरी तेलुगू गावात खोल्या घेऊन राहायची आणि तिथून महाराष्ट्राला सांगायची की उद्या विदर्भात पाऊस आहे. आमची ही मुलगी फोनवर म्हणायची, ‘ताई, इथं ज्वारीची भाकरी मिळत नाही आणि आईला वाटतंय मी रोज टीव्हीवर दिसते म्हणजे सुखात आहे.’ पुढे 2007-08 च्या सुमारास झी 24 तास, स्टार माझा, आयबीएन लोकमत आले आणि त्यातले बरेच जण मुंबईला परतले. आज मराठी पडद्यावर जी वाचायची शिस्त दिसते तिच्यात त्या हैदराबादच्या दिवसांचा वाटा आहे. एकदा त्यावर पुरवणी काढा. साड्या नसतील, पण वाचनीय होईल.

2005 चा पूर मात्र मला कधी विसरता येणार नाही. जुलै संपता संपता कृष्णा चढायला लागली. आमच्याकडे पुराचं माप म्हणजे कृष्णेवरचा आयर्विन पूल. चाळीस फुटांवर इशारा, पंचेचाळीसवर धोका. कोयनेतून किती सोडलं, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचं पाणी किती मागे फुगलंय, याच्यावर अख्खं गाव जागं. तेव्हा आम्ही पहिल्यांदा थेट बातम्या द्यायला लागलो. दर दोन तासांनी बसायचं आणि पातळी सांगायची. माझं सासर गावभागात, नदीपासून हाकेच्या अंतरावर. पुलाजवळ किती फूट झालं की आमच्या बोळाच्या तोंडाशी पाणी येतं, किती झालं की जोत्याला लागतं, हे सासऱ्यांना तोंडपाठ. घरात तेच सारखं बोललं जायचं, त्यामुळे मलाही. आणि मीच पडद्यावरून सांगत होते, पाणी इंचाइंचाने वाढतंय. एका बुलेटिनला हातात आलेल्या कागदावरचा आकडा बघितला आणि कळलं की आता आपल्या स्वयंपाकघरात पाणी आहे. सासूबाई वरच्या मजल्यावर असतील की बाहेर पडल्या असतील, ठाऊक नव्हतं. फोन बंद. नवरा होडीवाल्यांबरोबर सांगलीवाडीकडे. आकडा वाचला, पुढची सूचना वाचली, निवारा कुठल्या कुठल्या शाळेत आहे ते वाचलं. आवाज कापला नाही. शूर होते म्हणून नव्हे. पुढच्या ओळीत शाळांची नावं होती आणि ती चुकली असती तर माणसं भलत्या शाळेकडे पाण्यातून गेली असती.

त्या पुरातली एक गोष्ट आजही टोचते. पाणी शिरलेल्या भागातली वीज सुरक्षेसाठी तोडलेली. म्हणजे ज्यांना ती पातळी ऐकायची सर्वांत जास्त गरज, त्यांचे टीव्ही बंद. मी गावातल्या कोरड्या विश्रामबाग भागाला सांगत होते की गावभाग बुडतोय. सासूबाई सापडल्या, सुखरूप, शेजाऱ्यांच्या गच्चीवर. भेटल्यावर त्या काय म्हणाल्या? ‘टीव्हीवर होतीस ना तू? म्हणजे ठीक आहेस, हे शेजारच्यांच्या पोराने सांगितलं.’ मी त्यांच्या काळजीत आणि त्या माझ्या. नंतर बायकांनी मला विचारलं ते हेच, की इतक्या पुरात साडी कुठून आणली. दोन दिवस एकाच साडीत होते, अंगावरच सुकलेल्या.

माझी एक भाची आज मुंबईत एका मराठी वाहिनीवर आहे. (तिचं नाव आणि वाहिनी लिहीत नाही, आणि माझंही नाव छापू नका ही विनंती, कारण आडनावावरून धागा लागतो.) तिचं बघते तेव्हा वाटतं, आमचं सोपं होतं. सकाळच्या पाळीला तिला रात्री अडीचला उठावं लागतं. गाडी सव्वातीनला दाराशी, चारला ऑफिस, मेकअप, तेवढ्यात रनडाऊन वाचायचा आणि सहाला ऑन एअर. कानात इअरपीस. त्याच्यात पीसीआरमधून, म्हणजे स्टुडिओच्या कंट्रोल रूममधून, प्रोड्युसर बोलत असतो: ‘फोनो लागलाय, नाव अमुक, दहा सेकंदांत टॉस दे, बाइट काढून टाकलाय, स्क्रोलवरचा आकडा धरू नकोस.’ (फोनो म्हणजे फोनवरून बोलणारा माणूस, टॉस म्हणजे त्याच्याकडे बोलणं सोपवणं, बाइट म्हणजे कुणाचं रेकॉर्ड केलेलं बोलणं, स्क्रोल म्हणजे पडद्याखाली सरकणारी पट्टी.) हे सगळं तिला ऐकायचं आहे, ते ऐकताना तोंडाने वेगळंच वाक्य पूर्ण करायचं आहे, आणि चेहऱ्यावर या गोंधळाचा मागमूस नको. ब्रेकिंग आली की प्रॉम्प्टर कोराच. हातात एका ओळीचा मजकूर आणि पुढची पंधरा-वीस मिनिटं त्या ओळीवर तग धरायची, न माहीत असलेलं काही बोलून न बसता. तुम्ही एकदा करून बघा: रेडिओ कानाला लावून त्यावरच्या बातम्या ऐका आणि त्याच वेळी बायकोला कालच्या लग्नाची हकिगत सांगा. दोन्हींपैकी एक तरी बिघडेल, बहुधा बायको.

आता छत्तीसगडचा एक प्रसंग. एप्रिल 2017, रायपूरची आयबीसी 24 वाहिनी, निवेदिका सुप्रीत कौर. महासमुंद जिल्ह्यात पिथोराजवळ अपघात झाल्याची ब्रेकिंग त्या देत होत्या. बातमीदार फोनवर सांगत होता की डस्टर गाडीत पाच जण होते, तिघं गेले. नावं कळली नव्हती. त्यांचे यजमान त्याच वाटेने, तशाच गाडीतून, आणखी चौघांबरोबर गेले होते. बाईंनी ओळखलं. बुलेटिन पूर्ण केलं, बाहेर येऊन घरी फोन लावला आणि तिथे कोसळल्या. देशभरच्या माध्यमांनी ती क्लिप फिरवली आणि मथळे दिले, धैर्य, कर्तव्य, सलाम. धैर्य होतंच. पण न्यूजरूममधल्या सहकाऱ्यांना त्यांच्या आधी कळलं होतं आणि सांगायचा धीर झाला नाही, असंही तेव्हा बातम्यांत आलं होतं. त्या सहकाऱ्यांना मी दोष देत नाही. कुणाच्या तोंडून निघाले असते ते शब्द? मला खटकतं ते हे, की कुठल्याही न्यूजरूममध्ये अशा वेळी काय करायचं याची रीत ठरलेली नसते. ब्रेक घ्यायला कुणाची परवानगी लागते? दुसरा निवेदक किती मिनिटांत खुर्चीत बसू शकतो? गाण्याच्या कार्यक्रमात तबलजीला शिंक आली तरी सावरून घ्यायला कुणीतरी असतं. इथे बाईने स्वतःच्या वैधव्याची बातमी वाचली आणि आपण टाळ्या वाजवल्या.

तर तुमच्या मुलाखतकाराने ‘मुलगा कुणाजवळ असतो’ हे विचारलं, त्याचं मला काहीच वाईट वाटलं नाही. पुढचा प्रश्न विचारला नाही, याचं वाटलं. मातृत्व लाभाचा कायदा आला तो 1961 ला. 2017 च्या दुरुस्तीने भरपगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवडे झाली, आणि पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. वृत्तवाहिनीत पन्नास माणसं तर नुसती रात्रपाळीला असतील. मग विचारायचं, ‘तुमच्या ऑफिसात पाळणाघर आहे का? पहाटे चारला ते उघडं असतं का? तुमचा करार वर्षाचा आहे की कायम? बाळंतपणानंतर त्याच बुलेटिनवर परत आलात की दुपारी अडीचच्या, कुणी न बघणाऱ्या?’ उत्तर द्यायला ती कचरली असती तर तेही छापायचं. आणि हेच्या हेच प्रश्न शेजारच्या खुर्चीतल्या सूटवाल्यालाही विचारायचे. त्यालाही लेकरू असेल. त्याचं लेकरू कुणाजवळ असतं, हे ऐकायची मला फार इच्छा आहे.

आपली,
एक जुनी वृत्तनिवेदिका, सांगली

ता. क. मुलाखतीशेजारच्या चौकटीत सलमा सुलतान यांनी इंदिरा गांधींच्या हत्येची बातमी ‘सकाळीच देशाला दिली’ असं छापलं आहे. 31 ऑक्टोबर 1984 ला गोळ्या झाडल्या गेल्या त्या सकाळी सव्वानऊच्या सुमारास. दूरदर्शनवर सलमा सुलतान यांनी बातमी दिली ती संध्याकाळी. मधल्या वेळात बीबीसी ऐकणाऱ्यांना कळून चुकलं होतं. दिवसभर सगळं ठाऊक असून संध्याकाळपर्यंत गप्प बसलेल्या त्या स्टुडिओत काय चाललं असेल, यावर गुलाबापेक्षा मोठी चौकट झाली असती. तेवढी दुरुस्ती छापावी. आणि हे पत्र लांबलं म्हणून कापायचं झालंच, तर हळदीचे दर काढा, पोस्टकार्ड काढा, पाळणाघर तेवढं ठेवा.